दर पाचव्या मिनिटाला

तीनखडकीच्या शाळेत जो सांगून येतो तो साहेब असतो आणि जी न सांगता येते ती शेळी असते, असं सूर्यभान ढाकणे गुरुजींचं म्हणणं होतं. ऑगस्टमधल्या एका मंगळवारी स्कूटीवरून आलेली मुलगी या दोन्हींत बसेना. खांद्याला पिशवी, गळ्यात ओळखपत्र, हातात लिहायचं पॅड. नाव अश्विनी, गाव राहुरी. शेतकीची पदवी घेऊन शेती सोडून बाकी सगळं करायची पाळी आलेल्यांपैकी ती एक. सध्या ती पुण्याच्या एका संस्थेसाठी शाळा बघत फिरत होती.

"बघायच्या म्हणजे काय बघायचं?" गुरुजींनी विचारलं.

"वर्गातला वेळ कुठं जातो ते, सर. हाच फॉर्म घेऊन आफ्रिकेत, ब्राझीलमध्ये, बांगलादेशात माणसं वर्गात बसलीत. पन्नास मिनिटं मागं बसायचं. मधून मधून मान वर करून पंधरा सेकंद बघायचं. त्या पंधरा सेकंदांत शिक्षक काय करतात, मुलं काय करतात, किती जण भलतीकडेच आहेत, तेवढंच लिहायचं. मधलं काही लिहायचं नाही. तुम्ही मी नाहीच असं समजा."

गुरुजींनी मान डोलावली. वर्गात बेडूक शिरला तरी ज्या पोरांचा अर्धा तास जातो, त्यांना एक अख्खी बाई नाहीच असं कसं समजवायचं, हे मात्र तिच्या कागदात कुठं लिहिलेलं दिसत नव्हतं.

तीनखडकी म्हणजे पाथर्डी तालुक्याच्या पूर्वेला, माळावरची पन्नासेक उंबऱ्यांची वस्ती. बाजरी, तूर, आणि दसरा उलटला की ऊसतोडीला जाणारी निम्मी घरं. शाळेला खोल्या दोन, त्यातली एक गळकी. शिक्षक दोन, त्यातल्या पंकजा मॅडम बाळंतपणाच्या रजेवर. त्यामुळे पहिली ते पाचवी एकाच खोलीत आणि सगळी एकट्या ढाकणे गुरुजींच्या गळ्यात. पट एकतीस.

वेळ कुठं जातो हे बाईंनी गुरुजींना विचारलं असतं तर त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं असतं. वेळ खिशात जातो. खिशातल्या मोबाईलमध्ये सात ग्रुप, आणि सातही ग्रुपांवर माहिती मागणारे साहेब. कुणाला झाडं किती लावली ते हवं, कुणाला त्यातली किती जगली ते, आणि कुणाला जगलेल्या झाडाशेजारी हसणाऱ्या मुख्याध्यापकाचा फोटो. गुरुजी कामचुकार नव्हते. त्यांना शिकवायला मनापासून आवडायचं, पण शिकवणं हे एकच काम असं होतं की ज्याची माहिती कुणी आजच्या आज मागत नसे.

त्या मंगळवारी बाई मागच्या बाकावर बसल्या आणि गुरुजींनी तिसरीला वजाबाकी सुरू केली. पाच मिनिटं होतायत न होतायत तोच खिसा थरथरला. पोषण आहाराच्या तांदळाची तीन वर्षांची माहिती, तक्त्यात, अर्ध्या तासात. खाली ठरलेलं वाक्य होतं, 'विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.' गुरुजींनी फोन बाहेर काढला आणि नेमक्या त्याच क्षणी बाईंनी मान वर केली. पहिलीतली दोघं एकमेकांचे केस ओढत होती, चौथीत गप्पांचा फड रंगला होता आणि गुरुजी तांदूळ शोधत होते. बाईंनी पंधरा सेकंद बघितलं आणि लिहिलं.

गुरुजींनी ओशाळून फोन आत टाकला आणि पाचवीला अपूर्णांक सांगायला लागले. थोड्या वेळानं मान पुन्हा वर झाली, तेव्हा ते फळ्याशी होते. सुटलो, असं त्यांना वाटलं. खिसा परत थरथरला.

तेवढ्यात पाचवीतली संस्कृती वही दाखवायला आली. वहीच्या आडून हळूच म्हणाली, "गुरुजी, त्या मॅडम दर पाच मिनटाला वर बघत्यात. बराब्बर पाच. मी मोजलंय."

"तू गणितं सोडव."

"सोडवली की. म्हनून तर मोजलं."

गुरुजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. काटा पंधराव्या मिनिटावर आला आणि बाईंची मान वर झाली. पुढं जे झालं ते गुरुजींनी ठरवून केलं असं म्हणणं जड जाईल, आणि नाही केलं म्हणणं त्याहून जड. विसाव्या मिनिटाला ते फळ्याशी होते. एकविसाव्याला तांदळाचा तक्ता भरत होते. पंचविसाव्याला पुन्हा फळ्याशी. पोरांना तर काही सांगावंच लागलं नाही. साहेबाची नजर ओळखायचं शिक्षण त्यांना पहिलीच्याही आधी मिळालेलं असतं. घड्याळाखाली बसणाऱ्या चौथीतल्या हर्षलनं वेळ जवळ आली की खोकायचं, असं त्यांचं त्यांनीच लावून घेतलं. तो खोकला की एकतीस डोकी पुस्तकात जायची. मान खाली गेली की डोकी वर. पन्नास मिनिटांत तांदळाचा तक्ता वेळेत गेला आणि बाईंच्या कागदावर दहातल्या नऊ खुणा चांगल्या पडल्या.

निघताना गुरुजींनी विचारलं, "कसं काय वाटलं?"

"सांगता येत नाही, सर," ती म्हणाली. पण बोलताना तिनं त्यांच्याकडे जरुरीपेक्षा थोडा जास्त वेळ बघितलं.

गुरुजी विसरूनही गेले. त्यांच्या डोक्यात दुसराच विषय होता, आणि तो म्हणजे संस्कृती. वीस वर्षांच्या नोकरीत असं डोकं त्यांच्या हाताखालून गेलं नव्हतं. तिला टाकळी ढोकेश्वरच्या नवोदयला बसवायचं त्यांनी ठरवलं होतं. नंबर लागला तर सहावी ते बारावी राहणं, खाणं, शिकणं तिथंच. जिल्ह्यातून घेतात ऐंशी आणि बसतात हजारोंनी. परीक्षा जानेवारीत.

तिचा बाप कानिफनाथ ऊसतोड्या. तो दसऱ्यानंतर निघायच्या आधी शाळेत येऊन गेला. बोलायला सरळ माणूस.

"गुरुजी, खरं सांगू का? औंदा तिला फडावर न्यायची हुती. धाकटं दीड वर्साचं हाय, त्याला संबाळायला कोन? पर तुमी म्हनता म्हनून ठिवतो. भावजय ठिवून घ्यायला तयार हाय, पर सांजच्याला तिच्या शेळ्या राखायच्या, ह्या बोलीवर. नंबर लागला तर लागला. न्हाई लागला तर फुडल्या सालापासून ती आमच्या संगं. मग साळा न्हाई."

"लागेल," गुरुजी म्हणाले.

"तुमच्या तोंडात साखर पडो," कानिफनाथ म्हणाला आणि ट्रॅक्टरवर जाऊन बसला.

म्हणजे हिशोब साधा होता. सकाळी पाणी, संध्याकाळी शेळ्या, अंधार पडला की चुलती बनुबाई दिवा मालवून मोकळी. पोरीला अभ्यासाला मिळणार ती फक्त शाळेची वेळ. तीही आणखी चार इयत्तांशी वाटून घ्यायची. गुरुजींनी जानेवारीपर्यंतचे शाळेचे दिवस मोजले, अभ्यासक्रम मोजला आणि मनातल्या मनात म्हणाले, बसतंय. काठावर, पण बसतंय.

पण त्याच्या आधीच, सप्टेंबरात, अहवाल आला होता.

तो घेऊन केंद्रप्रमुख छगनराव स्वतः आले. पंधरा शाळा त्यांच्या देखरेखीखाली, आणि पंधराही शाळांत त्यांनी आजवर फक्त खोट काढलेली. त्या दिवशी मात्र येताना टॉवेल, टोपी आणि नारळ.

"ढाकणे सर, नव्वद टक्के! शिकवण्यातला वेळ नव्वद टक्के! अख्ख्या जिल्ह्याची सरासरी निम्म्यावर लटकलीय. चांगल्या शाळेत पंच्याऐंशी असावा असं त्या अहवालातच लिहिलंय. म्हणजे तुम्ही चांगल्याच्याही पुढं गेलात!"

"साहेब, ते तसं नाहीये…" गुरुजी म्हणाले.

"हाच तुमचा मोठेपणा," छगनराव म्हणाले आणि त्यांनी टोपी घातली.

गुरुजींनी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण वीस वर्षांत डोक्यावर पहिल्यांदा टोपी आली होती, ती काढून ठेवायला जीव होईना. खोटं कशाला बोलायचं, त्यांना बरं वाटलं. घरी जाऊन त्यांनी ती बायकोलाही दाखवली.

मग पाहुणे सुरू झाले. आधी केंद्रातले शिक्षक आले, वेळेचं नियोजन बघायला. मग शेजारच्या केंद्रातले. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या अकोले तालुक्यातून एक अख्खी बस आली, चाळीस शिक्षक, सकाळी निघून दुपारी पोचलेले. त्यांना परत डोंगर चढायचा होता म्हणून शाळा सुटेपर्यंत त्यांचं जेवणच चाललं होतं. एक साहेब आले, त्यांच्या मागं त्यांच्या वरचे. संस्थेनं परदेशातले दोन पाहुणे आणले. त्यांनी बाजरीची भाकरी खाल्ली, लेझीम खेळून बघितलं आणि वर्गात दहा मिनिटं बसले. त्या दहा मिनिटांत पोरं त्यांच्या बुटांकडे बघत होती.

पाहुणा म्हटला की सत्कार आला. सत्कार म्हटला की रांगोळी, स्वागतगीत, गुलाबाचं फूल, नारळ आणि चहा. रांगोळीला आदल्या दिवशीची दुपार, गीताला सकाळ. मग गुरुजींचं मनोगत, विषय एकच, 'मी वर्गातला वेळ कसा वाचवतो'. पंचवीस मिनिटांचं भाषण. एकतीस पोरं, आणि दिवाळीनंतर उरलेली चौदा, मांडी घालून ते ऐकायची. शेवटी शेवटी पहिलीतल्या पोरांना ते भाषण पाठ झालं, पाढे मात्र सातावर अडकले.

संस्कृती रांगोळीत होती, गीतातही होती. आवाज गोड आणि हात वळणाचा, मग तिला कोण सोडतो? नोव्हेंबर संपता संपता गुरुजींनी हजेरीपुस्तक उघडून दिवस मोजले. सप्टेंबरपासून शाळा भरली अठ्ठावन्न दिवस. त्यातले पाहुण्यांनी खाल्लेले चोवीस. नवोदयच्या अंकगणितातले शेकडेवारी, सरासरी आणि वेळ-अंतर-वेग हे धडे उघडलेलेसुद्धा नव्हते. परीक्षा सात आठवड्यांवर आली होती.

"गुरुजी, ते वेगाचं कधी शिकवनार?" ती दर दोन दिवसांनी विचारायची. तक्रार म्हणून नाही. शेळ्या कधी सोडायच्या, असं चुलतीला विचारावं तशी.

गुरुजींना ते फार लागायचं. लबाडी त्यांची होती आणि शिक्षा पोरीला चालली होती. भीक नको पण कुत्रं आवर, अशी त्यांची गत झालेली, पण सांगणार कुणाला?

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी छगनरावांचा फोन आला. आवाजात लग्नघर होतं.

"सर, बुधवारी पाहणीची दुसरी फेरी. त्याच मॅडम येणार. ह्या वेळीसुद्धा आकडा टिकला की तीनखडकी जिल्ह्याची मार्गदर्शक शाळा! जानेवारीपासून आठवड्याला दोन बस. व्हिडिओवाले येणार, तुमचा तास शूट करून सगळीकडे दाखवणार. आणि ऐका, आदर्श शिक्षक पुरस्काराला तुमचं नाव मी पाठवलंय. आकडा तेवढा टिकवा."

"जानेवारीत?" गुरुजींनी विचारलं.

"एक तारखेपासूनच!"

मंगळवारी गुरुजींनी वर्गात नेहमीसारखं शिकवलं, आणि शिकवताना त्यांचं लक्ष नव्हतं. बुधवारी सकाळी पाथर्डीहून गाडीवर येताना त्यांनी मोहट्याच्या घाटाकडे बघत एकदा पुरस्काराचा विचार केला. फेटा, व्यासपीठ, पेपरात फोटो. चांगलं दिसलं असतं. मग गाडी माळाला लागली आणि त्यांना कानिफनाथ आठवला. न्हाई लागला तर मग साळा न्हाई.

पोरं प्रार्थना म्हणून आत आली. गुरुजींनी दार लोटलं.

"पोरांनो, आज त्या मॅडम येणार. दर पाचव्या मिनिटाला मान वर करणार."

"ठावं हाय," चौदा जण म्हणाले.

"हां. तर आज उलटं करायचं. मॅडमनी मान वर केली की कुणीही अभ्यास करायचा नाही. खेळायचं, बोलायचं, झोपायचं, काय वाटेल ते. मान खाली गेली की मात्र पुस्तकात डोकं. मधली पाच मिनिटं शिकायची. कळलं?"

गुरुजींचं डोकं फिरलंय का, हे पोरं एकमेकांच्या तोंडावर वाचत होती. शेवटी हर्षलनं विचारलं, "आनि मी खोकायचं का?"

"तू खोकायचं."

"चिंचोके आनलेत ते काढू का?"

"खोकला आल्यावर काढ."

अश्विनी आली. गुरुजींनी रांगोळी काढली नव्हती, नारळ आणला नव्हता. तिला जरा बरंच वाटलेलं दिसलं. ती मागच्या बाकावर बसली, घड्याळ बघितलं आणि मान खाली घातली.

"वेळ, अंतर, वेग," गुरुजी म्हणाले, आणि तीन महिने तुंबलेलं पाणी सुटावं तसे सुटले. पुस्तकात आगगाडी होती. तीनखडकीच्या पोरांनी आगगाडी फक्त मोबाईलवर बघितलेली, म्हणून गुरुजींनी फळ्यावर ट्रॅक्टर काढला, त्याला दोन ट्रॉल्या जोडल्या आणि वर ऊस भरला. फड ते कारखाना इतकं अंतर, इतका वेळ, मग वेग किती? चौथीची पोरंसुद्धा पुढं सरकली. तेवढ्यात हर्षल खोकला.

गुरुजींनी खडू टाकला, फोन कानाला लावला आणि मोठ्यानं म्हणाले, "घोडेगावच्या बाजारात म्हशी कशा आल्यात? दूध किती म्हणतो? दात बघितले का?" चिंचोके खळकन जमिनीवर आले. दुसरीतली दोघं आडवी झाली. एक जण घोरलासुद्धा, जरा जास्तच.

अश्विनीनं मान वर केली. डावीकडून उजवीकडे बघितलं. लिहिलं. मान खाली.

"तर आता," गुरुजी म्हणाले, "वेगाला वेळेनं गुणलं की काय मिळतं?"

दुसऱ्या खेपेला म्हशीचे दात मोजून झाले होते, म्हणून गुरुजींनी तिची शिंगं विचारली. तिसऱ्या खेपेला रेडकू. फोन बंद होता हे मागच्या बाकावरूनही दिसत असावं, कारण चौथ्या खेपेला अश्विनीच्या ओठाचा एक कोपरा हलला. पण हात थांबला नाही. पंधरा सेकंदांत जे दिसेल ते लिहायचं, मधलं लिहायचं नाही. ती लिहीत गेली.

आणि मधल्या पाच-पाच मिनिटांत त्या खोलीत जे शिकणं झालं तसं गुरुजींनी वीस वर्षांत बघितलं नव्हतं. आत्ता हर्षल खोकेल आणि हे हातातून जाईल, या धास्तीनं पोरं शब्द शब्द उचलत होती. खेळायची सक्ती झाली की अभ्यास गोड लागतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. सातव्या खोकल्याला तर तिसरीतल्या एकीनं चिडून "थांब ना रं!" म्हटलं.

पंचेचाळिसाव्या मिनिटाची मान खाली गेली आणि गुरुजींनी शेवटचं गणित घातलं.

"फड ते कारखाना साठ किलोमीटर. जाताना ट्रॅक्टर भरलेला, ताशी वीस. येताना रिकामा, ताशी तीस. तर जाऊन-येऊन सरासरी वेग किती?"

"पंचवीस!" पाच-सहा जण एकदम ओरडले. वीस आणि तीसच्या मधोमध पंचवीस, त्यात काय विचारायचं?

संस्कृती ओरडली नाही. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "भरलेला लई वेळ रस्त्यावर असतो, गुरुजी. रिकाम्यापरीस जास्त," ती म्हणाली. मग वहीवर वाकली.

गुरुजींनी खडू खाली ठेवला. त्यांनी श्वाससुद्धा जपून घेतला.

हर्षल खोकला. चिंचोके पडले, दुसरीतली दोघं आडवी झाली, गुरुजींनी फोन कानाला लावला. अश्विनीनं मान वर केली. संस्कृती वाकलेलीच होती.

"संस्कृते!" शेजारचीनं ढोसलं. "खेळ की! बघत्यात त्या!"

तिला ऐकूच गेलं नाही. पेन्सिल चालली होती. सगळा वर्ग खेळायचा थांबून तिच्याकडे बघायला लागला. गुरुजी फोनमध्ये म्हशीबद्दल काय बोलत होते ते त्यांचं त्यांना कळत नव्हतं. पोरीला हाक मारावी का? एकदाच मोठ्यानं हाक मारली असती तर तिनं मान वर केली असती, आणि कागद साफ कोरा गेला असता. पण ती मान खाली जावी म्हणून त्यांनी ऑगस्टपासून जिवाचं रान केलं होतं. त्यांनी हाक मारली नाही.

पंधरा सेकंद संपले. अश्विनीनं लिहिलं आणि पॅड मिटलं. त्यानंतर जरा वेळानं संस्कृतीनं डोकं वर काढलं.

"चोवीस, गुरुजी! पंचवीस न्हाई, चोवीस! जायला तीन तास, यायला दोन. एकशेवीसला पाचानं भागायचं!"

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते लपवलं नाही. फोन अजून कानालाच होता, तो खाली घ्यायचं तेवढं राहून गेलं.

फाटकापर्यंत ते अश्विनीला पोचवायला गेले. तिनं स्कूटीला किल्ली लावली आणि थांबली.

"सर, मागच्या खेपेला मला दिसत नव्हतं असं नाही. तांदळाचा तक्ताही दिसला होता. आमच्यात लिहायचं नसतं."

"आणि आज?"

"आजही लिहायचं नाही. दहापैकी शून्य." मग जरा अडखळत म्हणाली, "फक्त दहाव्या वेळी एक मुलगी कामात होती. तेवढं लिहावं लागलं."

"लिहा," गुरुजी म्हणाले. "ते खरंच होतं."

अहवाल यायला तीन आठवडे लागले. मग छगनरावांचा एकाच वाक्याचा फोन आला, "सर, तुम्ही माझं नाक कापलंत." नाताळानंतर लगेच कारणे दाखवा नोटीस आली. गुरुजींनी एका ओळीत उत्तर दिलं, 'सदर तासिकेत मी म्हशीबाबत बोलत होतो हे खरे आहे.' पुरस्काराच्या यादीतून नाव गेलं, एक वेतनवाढ थांबली, आणि केंद्राच्या बैठकीत लोक त्यांच्या शेजारची खुर्ची सोडून बसायला लागले. त्यांना वाईट वाटलं. रात्रीची झोप उडण्याइतकं नाही, पण जेवताना आठवण्याइतकं वाटलं.

आणि तीनखडकीला कुणी आलं नाही. एक बस नाही, एक साहेब नाही, एक नारळ नाही. बदनाम शाळेची माहितीसुद्धा कुणी तातडीनं मागेना. खिसा गप्प राहायला लागला. जानेवारीतल्या परीक्षेच्या शनिवारपर्यंत सलग शाळा भरली, आणि शेकडेवारी, सरासरी, वेग असं सगळं दोनदा होऊन तिसऱ्यांदा निम्मं झालं.

मार्चअखेरीस निकाल लागला. गुरुजींनी कानिफनाथला फोन लावला. तो कर्नाटकातल्या कुठल्याशा फडात होता, मागं कोयत्यांचा आवाज येत होता.

"लागला," गुरुजी म्हणाले.

पलीकडून आधी 'कोयतं थांबवा रं!' असं ओरडणं ऐकू आलं. मग कानिफनाथ म्हणाला, "गुरुजी, परत एकदा म्हना." गुरुजी परत म्हणाले. त्यानं आणखी एकदा म्हणायला लावलं.

जुलैमध्ये संस्कृती पत्र्याची पेटी घेऊन टाकळी ढोकेश्वरला गेली. शाळेत तिची जागा रिकामी दिसायची. गुरुजींना ती पहिले काही दिवस बघवत नसे. मग त्यांनी तिथं हर्षलला बसवलं. तो आता पाचवीत होता. संस्कृतीएवढा नव्हता, पण खोकायचं सोडून मोजायला लागला तर नवोदयच्या आसपास पोचेल असा होता. अभ्यासक्रम कसाबसा बसत होता.

एका गुरुवारी, वेगाचा धडा चालू असताना, खिसा थरथरला. छगनराव होते. आवाजात पुन्हा लग्नघर.

"ढाकणे सर, मागचं सगळं विसरा! तीनखडकीसारख्या वस्तीतनं नवोदय, वरपर्यंत गाजलंय ते. काय उपक्रम राबवला म्हणून विचारणा आलीय. सोमवारी संस्थेच्या मॅडम पाहणीला येतायत. ती झाली की अकोल्याची बस, मग बाकीचे तालुके लावतो!"

"बरं," गुरुजी म्हणाले.

त्यांनी फोन खिशात टाकला. फळ्यावर अर्धा ट्रॅक्टर काढून झाला होता. त्यांनी त्याला दुसरी ट्रॉली जोडली, हात झटकले आणि वर्गाकडे वळले.

"हर्षल, सोमवारी पुन्हा घड्याळाखाली बस. आणि चिंचोके कुणाकडे आहेत ते बघून ठेव."